आधी अंधार रंगवा

२३ ऑगस्ट २०२३ला चांद्रयान-३चा विक्रम चंद्रावर उतरला आणि १९ सप्टेंबरला गणपती आले. मध्ये पुरता महिनाही नव्हता. तेवढ्या दिवसांत महाराष्ट्रभर घराघरांतल्या मखरांमध्ये चांद्रयान उतरलं होतं. आमच्या माणगाव तालुक्यात इंदापूरपासून गोरेगावपर्यंत कुणाच्याही ओटीवर जा: पुठ्ठ्याचे चार पाय, अंगाला सोनेरी बेगड, वर तिरंगा, मागे चंद्राचं पोस्टर. खऱ्या यानावरचं ते सोनं सोनं नसतंच. पिवळसर पॉलिइमाइडच्या पातळ पापुद्र्याला मागून ॲल्युमिनियमचा लेप दिलेला असतो आणि असे थरावर थर देऊन यानाला ऊन-थंडीपासून वाचवतात. बेगड चिकटवणाऱ्यांनी हे वाचलं असेल किंवा नसेल, नजर मात्र अचूक होती. सुरकुत्यासुद्धा बरोबर पडल्या होत्या.

मग त्या यानावर दहा रंगांत उघडमीट करणारी माळ टाकली गेली आणि यानाचं खेळणं झालं.

या लेखाचा विषय चांद्रयान नाही. विज्ञानकथेतली, कधीच न उडालेली यानं हातांनी घडवणं आणि त्यांच्या पोटात दिवे लावणं, हा जगभर पसरलेला छंद आहे आणि तो आपल्याकडे रुजायला काहीच हरकत नाही. बारीक काम करणारे हात आपल्याकडे भरपूर आहेत. वानवा आहे ती उजेड अडवण्याच्या सवयीची. माझं म्हणणं एवढंच की काल्पनिक यान मोठं दिसतं ते दिव्यांमुळे कमी आणि अंधारामुळे जास्त.

आधी आकाराचा प्रश्न. दिवाळीतला मातीचा किल्ला आठवा. रायगड आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे इथली पोरं रायगडच करतात. बुरूज देखणे असतात, आळीव पेरून हिरवळही आणलेली असते. पण सिंहासनावरचे महाराज महादरवाजाच्या दुप्पट उंच असतात. मावळा तटाला टेकला की तट ढासळेल अशी अवस्था. किल्ल्यात हे खपून जातं, कारण रायगड केवढा आहे ते बघणाऱ्याला ठाऊक असतं, मन आपोआप दुरुस्ती करतं. काल्पनिक यानाला ही सवलत नाही. ते केवढं आहे हे सांगायला त्याच्याजवळ फक्त खिडक्या, दारं आणि पत्र्यांचे सांधे. खिडकी मोठी पडली की तीनशे मीटरचं जहाज तीन मीटरची मोटार होतं.

ही फसवणूक सिनेमावाल्यांनी कशी साधली, ते बघण्यासारखं आहे. ‘स्टार ट्रेक’ मालिकेतल्या ‘एंटरप्राइझ’ यानाचं मोठं मॉडेल १९६४ साली बनलं. लांबी ११ फूट, साहित्य मुख्यतः लाकूड, पत्रा आणि प्लास्टिक. पहिल्या नमुना भागाच्या वेळी त्यात दिवेच नव्हते. नंतर घातले, तेव्हा वायरी डाव्या अंगातून बाहेर काढाव्या लागल्या, म्हणून ती बाजू धड रंगवलीही नाही आणि चित्रण कायम उजव्या बाजूने केलं. इंजिनांच्या तोंडाशी जी लाल-केशरी घुसळण दिसते, तिच्यासाठी आत नाताळच्या झाडावरचे रंगीत बल्ब, आरशाचे तुकडे आणि मोटारीवर फिरणारी पाती बसवली होती. गणेशोत्सवातले हलते देखावे करणाऱ्या आपल्या कारागिरांना हे नवीन वाटणार नाही. फरक एवढाच की तिथे तो सगळा खटाटोप दुधी घुमटाच्या आड लपवला होता आणि बघणाऱ्याला बल्ब कधीच दिसला नाही. हे मॉडेल १९७४ साली वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाला दिलं गेलं. २०१६ साली दुरुस्त करून पुन्हा मांडलं तेव्हा आत एलईडी बसवले.

‘२००१: अ स्पेस ओडिसी’ (१९६८) मधलं ‘डिस्कव्हरी’ यानाचं मोठं मॉडेल तर सुमारे ५४ फुटी होतं. तिथे प्रश्न कॅमेऱ्याचा होता. जवळून घेतलेल्या लहान वस्तूचा पुढचा भाग स्पष्ट आणि मागचा धूसर दिसतो, आणि तिथेच ती लहान आहे हे कळतं. उपाय म्हणून भिंगाचं छिद्र अगदी बारीक केलं आणि एकेका चौकटीला कित्येक सेकंद प्रकाश घेऊ दिला. काही यानांच्या खिडक्यांत माणसं हलताना दिसतात. ती वेगळी चित्रित करून खिडकीच्या जागी प्रक्षेपित केलेली आहेत. आज मोबाइलवर मॉडेलचा फोटो काढणाऱ्यालाही हाच नियम लागू आहे: थोडं लांब उभं राहावं, फोन टेकवून ठेवावा आणि फ्लॅशला हात लावू नये.

‘स्टार वॉर्स’ने (१९७७) तिसरी गोष्ट शिकवली आणि आपल्यासारख्यांसाठी तीच सर्वांत कामाची. पहिल्याच दृश्यात डोक्यावरून जे प्रचंड जहाज सरकत जातं आणि संपतच नाही, त्याचं मॉडेल जेमतेम तीन फुटी होतं. त्याच्या अंगावरचं बारीक काम रणगाडे, विमानं, शर्यतीच्या मोटारी यांच्या बाजारात मिळणाऱ्या प्लास्टिक किटमधून उचललं होतं. एका खोक्यातल्या रणगाड्याचं चाक, दुसऱ्यातल्या मोटारीचं इंजिन, असे शेकडो तुकडे. मॉडेलवाले या तुकड्यांना ‘ग्रीबली’ म्हणतात. कशाचा काय उपयोग, हे बनवणाऱ्यालाही माहीत नसतं. डोळ्याला मात्र वाटतं की इथे काहीतरी यंत्रं आहेत.

मराठी विज्ञानकथा यानाच्या या घडणीकडे फारशी वळली नाही. मराठी विज्ञान परिषद १९६६ची. तिच्याच १९७४च्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. त्यानंतर विज्ञानकथेला जोर आला, पण तिचा ओढा कल्पनेकडे आणि तर्काकडे राहिला. यानात कोण बसलंय आणि त्याच्यावर काय गुदरलं, हे आपले लेखक चोख सांगतात. यानाच्या कुठल्या अंगाने नळ्या गेल्यात, हे क्वचितच. त्यामुळे मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे यान आलं तर ते परदेशी सिनेमातलंच येतं. अपवाद म्हणून नागपूरच्या आरती कडव यांचा ‘कार्गो’ (२०१९) हा हिंदी चित्रपट जरूर बघावा. त्यातल्या यानाचं नाव ‘पुष्पक ६३४ए’ आणि आतलं वातावरण एखाद्या जुन्या सरकारी कचेरीचं. दिव्यांपुरतं बोलायचं तर कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी ‘सिंहगड’ (१९२३) कृत्रिम प्रकाशात चित्रित केला होता. म्हणजे उजेड हवा तिथेच पाडायचा, ही विद्या मराठी मुलखात शंभर वर्षांपूर्वी पोचलेली आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे. परदेशी किट उत्तम असतात. ‘एंटरप्राइझ’चं १:३५० प्रमाणातलं किट मिळतं, ते जोडून साधारण ८० सेंटिमीटरचं होतं. पण खोक्याच्या किमतीत टपाल आणि सीमाशुल्क मिळवलं की नोकरदार माणूस विचारात पडतो. माझा सल्ला, पहिलं यान किटचं करू नये. स्वतःचं करावं, आणि भंगारातून करावं.

कागदावर आधी प्रमाण ठरवा. समजा यान ३०० मीटरचं, म्हणजे बारा-तेरा डब्यांच्या रेल्वेगाडीएवढं, आणि मॉडेल ६० सेंटिमीटरचं. प्रमाण आलं १:५००. तीन मीटरचा मजला ६ मिलिमीटरचा, दोन मीटरचं दार ४ मिलिमीटरचं आणि अर्ध्या मीटरची खिडकी १ मिलिमीटरची. हे तीन आकडे टेबलासमोर लिहून चिकटवावेत. यापुढे जो तुकडा लावाल तो यांच्याशी ताडून बघा.

सांगाड्याला पीव्हीसी पाइप आणि सनबोर्ड पुरे. २०१८ सालच्या राज्यातल्या बंदीनंतर थर्माकोल मागे पडलं, आणि या कामापुरतं ते बरंच झालं. स्प्रे रंगातल्या थिनरने ते विरघळून खड्डे पडायचे. बिघडलेला प्रिंटर हा खजिना आहे. त्यातले दाते, पट्ट्या, झाकणं, स्प्रिंगा एका यानाला पुरून उरतात. रिफिली, इंजेक्शनच्या सिरिंज, ठिबकच्या बारीक नळ्या, गोळ्यांची रिकामी पाकिटं, कीबोर्डची बटणं, मोडकी खेळणी हे सगळं चालतं. अट एकच: बघणाऱ्याने ओळखता कामा नये. पेनाचं टोपण ओळखू आलं की बाकीच्या सगळ्या मेहनतीवर पाणी. शिवाय सगळीकडे तुकडे लावायचे नसतात. मोठे सपाट पत्रे मोकळे ठेवा आणि खाचांमध्ये, इंजिनांभोवती गर्दी करा. सांधे एम-सीलने भरून पॉलिश पेपरने पाण्यात घासावेत. कंटाळवाणं काम आहे आणि त्याला पर्याय नाही.

बाहेरून कितीही मोह झाला तरी आता थांबा. रंगाचा पहिला हात पोटातून द्यायचा, आणि तो काळा. प्लास्टिक पारदर्शक नसलं तरी प्रकाश त्यातून झिरपतो. आत साधा एलईडी पेटवला की अख्खं यान पणतीसारखं तांबूस उजळतं आणि सगळा डाव फसतो. काळ्या रंगाचे दोन हात, त्यावर पांढरा किंवा चंदेरी एक हात. काळा प्रकाश अडवतो, पांढरा तो आतल्या आत उसळवून खिडक्यांपर्यंत नेतो. सांध्यांवर आतून ॲल्युमिनियमची चिकटपट्टी. मग रात्री खोली बंद करून आत टॉर्च लावायचा आणि जिथून रेघ दिसेल तिथे पुन्हा काळा. हे झाल्याशिवाय एकही भोक पाडायचं नाही.

खिडक्यांसाठी प्लास्टिकचे प्रकाशतंतू वापरावेत. ते पाव, अर्धा, पाऊण आणि एक मिलिमीटर जाडीचे मिळतात. आपल्या १:५०० यानात अर्ध्या मिलिमीटरचा तंतू म्हणजे पाव मीटरची खिडकी. बोटांत फिरवायच्या हातड्रिलने भोक पाडा, तंतू आतून ओवा आणि फेविकॉलने धरवा. फेविक्विक नको, त्याने हा तंतू ठिसूळ होऊन तुटतो. सगळे तंतू मागे एका जुडग्यात बांधून एका एलईडीसमोर आणले की तीस-चाळीस खिडक्या एकदम उजळतात. बाहेरचं टोक कापून पातळीत आणायचं ते रंगकाम झाल्यावर, म्हणजे टोकावर रंग बसत नाही.

सगळ्या खिडक्या मात्र पेटवू नका. कुठलंही जहाज बघा, काही लोक झोपलेले असतात. तिसरा हिस्सा खिडक्या अंधारात ठेवल्या की उरलेल्या राहत्या वाटतात. राहत्या भागाला पिवळसर पांढरा, यंत्रघराला निळसर पांढरा, एवढे दोन रंग पुरतात. बाजूच्या दिव्यांचा नियम समुद्रावरचाच: पुढे तोंड करून उभं राहिलं की डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा. श्रीवर्धनकडच्या मच्छीमारांना तो कुणी शिकवावा लागत नाही.

विजेचं गणित शाळेतलंच आहे. पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात. मोबाइल चार्जर ५ व्होल्ट देतो. उरलेले २ व्होल्ट रेझिस्टरने खायचे. एलईडी २० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह सोसतो, म्हणून लोक तेवढा देतात आणि खिडक्या हेडलाइट होतात. चार-पाच मिलिअँपिअर भरपूर झाले. त्यासाठी ४७० ओहमचा रेझिस्टर लावा, प्रत्येक एलईडीला स्वतंत्र. उघडमीट हवी असेल तर ती एकाच दिव्याची आणि क्षणिक. ५५५ ही चिप घ्या, १२० आणि १० किलोओहमचे रेझिस्टर, १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि एलईडी रेझिस्टरसह धन टोक व चिपची तिसरी पिन यांच्यामध्ये जोडा. साधारण दर सेकंदाला एक लखकन चमक येते आणि विझते. सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत मिळतात. माणगावहून पुण्याला ताम्हिणी चढून जाणाऱ्याने यादी करूनच जावं. वीज जाते म्हणून पॉवर बँक लावणार असाल तर एक खोड लक्षात ठेवा: इतका थोडा प्रवाह ओढला की बऱ्याच पॉवर बँका काही वेळाने आपणहून बंद पडतात. आणि यान चिकटवून कायमचं बंद करू नका, एक झाकण स्क्रूवर ठेवा. एलईडी सहसा जात नाही, सोल्डर सुटतं.

माणगाव तालुक्यातच लोणेऱ्याला १९८९ साली स्थापन झालेलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. तिथली मुलं सर्किट जोडतात. गावातली पोरं पुठ्ठा आणि माती अशी वळवतात की बघत राहावं. हे दोन गट एका टेबलाशी बसले तर किटच्या खोक्याची कुणाला गरज पडणार नाही.

राहिला बाहेरचा रंग, आणि इथे कोकणाचं हवामान आडवं येतं. पावसाळ्यात हवेतल्या दमटपणाने थिनरवाल्या रंगावर पांढरट साय धरते आणि ती पुसून जात नाही. करड्या रंगाच्या दोन-तीन जवळच्या छटा, पत्र्यागणिक किंचित वेगळ्या, त्यावर पातळ काळसर पाण्याचा हात आणि शेवटी चमक घालवणारं मॅट वार्निश, एवढं काम कोरड्या हवेतच उरकायला हवं. आमच्याकडे ती हवा दिवाळीपासून होळीपर्यंत मिळते. सांगाडा आणि घासकाम पावसात करता येईल, रंगाचे डबे मात्र आधीच आणून ठेवा, आणि काळा एक जास्त आणा.