एक केळे, चार परीक्षा

निकालाचे दिवस आले की आमच्यासारख्या निवृत्त शिक्षकांकडे पालकांची वर्दळ वाढते. पूर्वी प्रश्न सरळ असे : ‘जीवशास्त्रात किती पडले?’ आता एकाच इमारतीत एक मुलगा राज्य मंडळाचा, शेजारची मुलगी सीबीएसईची, वरच्या मजल्यावरची भावंडे केंब्रिज आणि आयबीची. मग विचारणा होते, ‘बाई, आमचे ८८ टक्के, त्यांना सातपैकी सहा. म्हणजे हुशार कोण?’

भारतीय विश्वविद्यालय संघ या परदेशी परीक्षांना बारावीच्या समकक्ष मानतो. पण समकक्ष म्हणजे एकसारख्या नव्हेत. इथे तराजू तर वेगळे आहेतच, तोलला जाणारा मालही वेगळा आहे.

एक घरगुती उदाहरण घेऊ. कच्च्या केळ्यांजवळ पिकलेले केळे ठेवले की कच्ची लवकर पिकतात. पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू सुटतो आणि तो संप्रेरकाचे काम करतो. आता हीच गोष्ट कोणती परीक्षा कशी विचारील, ते पाहा. प्रश्न मी नमुन्यादाखल रचले आहेत. धाटणी मात्र त्या त्या परीक्षेची.

आपली बारावी विचारील, ‘इथिलीनची दोन कार्ये लिहा.’ गुण दोन. लेखी ७०, प्रात्यक्षिक ३०. सीबीएसईची विभागणीही तशीच. पण तिथे ‘विधान आणि कारण’ या प्रकारचे आणि एखादा प्रसंग वर्णन करून त्यावर विचारलेलेही प्रश्न असतात. तेवढा विचार जास्त करावा लागतो.

केंब्रिजच्या आंतरराष्ट्रीय ‘ए लेव्हल’ला पाच पेपर. तिसरा दोन तासांचा, प्रयोगशाळेत. पाचव्याला मात्र फक्त कागद आणि पेन. ‘पिकलेल्या केळ्यामुळे कच्चे लवकर पिकते का, हे तपासणारा प्रयोग आखा.’ आता विद्यार्थ्याला सुचले पाहिजे की डबे दोन हवेत : एकात पिकलेले केळे, दुसऱ्यात नाही. कच्ची केळी एकाच घडाची, तापमान सारखे. पिकणे मोजायचे कसे? कच्च्या केळ्यात पिष्ट असते, त्यावर आयोडिन टाकले की निळे-काळे होते. केळे पिकते तशी पिष्टाची साखर होते आणि तो रंग फिका पडतो. शिवाय एकेका केळ्यावर निष्कर्ष काढला तर गुण गेलेच म्हणायचे.

आयबी आणखी पुढे जाते. तिथे प्रश्नही विद्यार्थ्यानेच शोधायचा, त्याचा तपास करायचा आणि जास्तीत जास्त ३,००० शब्दांचा अहवाल लिहायचा. एकूण मूल्यमापनात त्याचा वाटा २० टक्के. अहवालाच्या २४ गुणांपैकी सहा गुण, आपल्याच तपासात काय उणे राहिले आणि ते कसे सुधारता येईल, हे सांगण्यासाठी!

बहिस्थ परीक्षक म्हणून एका केंद्रावर गेले असता मी एका मुलीला विचारले होते, ‘दुसरी परीक्षानळी कशाला ठेवलीस?’ प्रयोग तिने बिनचूक केला होता. म्हणाली, ‘जर्नलमध्ये तशीच आहे, मॅडम.’ मुलगी हुशार होती. ‘कशाला’ हे तिला आजवर कोणी विचारलेच नव्हते, कारण त्याला गुण नव्हते.

आणि डॉक्टर व्हायचे तर या चारही परीक्षा बाजूलाच राहतात. बारावीचे गुण पात्रतेपुरते, निवड ‘नीट’वर. २०२५ मध्ये १८० मिनिटांत १८० प्रश्न होते, त्यांतले निम्मे जीवशास्त्राचे. बरोबर उत्तराला चार गुण, चुकले तर एक वजा. तिथे ‘इथिलीन’ हा चार पर्यायांपैकी एक. आपण फक्त गोल काळा करायचा.

यात नीटलाच दोष देणे बरे नव्हे. त्या वर्षी २२ लाखांहून अधिक मुले बसली होती. इतक्यांचे अहवाल वाचणार कोण? यंत्राला गडचिरोलीचे मूल आणि मुंबईचे मूल सारखेच. आयबीच्या शाळांची फी किती घरांना झेपते? शिवाय घरी लिहिलेल्या अहवालाला कुणाकुणाचा हात लागला, हा प्रश्न उरतोच.

पण सगळ्याच गोष्टींना पैसा लागत नाही. इंग्लंडने २०१५ पासून आपली ‘ए लेव्हल’ बदलली. प्रत्यक्ष प्रयोगांची नोंद तिथे वेगळी होते, श्रेणीत धरली जात नाही. मात्र जीवशास्त्राच्या लेखी परीक्षेतले किमान १५ टक्के गुण प्रायोगिक कौशल्यांवरच्या प्रश्नांना ठेवावे लागतात. अशा प्रश्नाला लागतो एक तक्ता आणि पाच ओळींची जागा. आपल्या ७० गुणांत त्याला दहा गुण द्यायला काय हरकत आहे? बोर्डाच्या परीक्षांनी पाठांतरापेक्षा समज तपासावी, असे २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही सांगतेच.

हा वाद केवळ गुणांचा नाही. ‘अमक्या काढ्याने दहा जण बरे झाले’ असा निरोप फोनवर येतो, तेव्हा ‘काढा न घेतलेल्यांचे काय झाले?’ असे विचारणारा माणूस घरात हवा आणि दवाखान्यात तर हवाच. तो प्रश्न म्हणजेच केळ्यांचा दुसरा डबा.

तोवर पालकांनी एवढे करावे. सुटीत दोन डबे, डझनभर कच्ची केळी, एक पिकलेले आणि औषधाच्या दुकानातून टिंक्चर आयोडिनची बाटली आणावी. चाचणी झालेली केळी खायची नाहीत, एवढे पथ्य पाळून मुलांना खुशाल पसारा करू द्यावा. आणि ‘दुसरा डबा कशाला?’ हे विचारायला मात्र विसरू नये.