आकाशातून मोजलेला धूर

उन्हाच्या कवडशात नाचणारे धूलिकण आपण सर्वांनी पाहिले आहेत. मी आज ज्या कणांविषयी बोलणार आहे, ते त्याहून कितीतरी बारीक. व्यास अडीच मायक्रॉन किंवा त्याहून कमी. म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण तिसावा भाग. मोठी धूळ नाकात, घशात अडते. हे कण मात्र थेट फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचतात आणि त्यांतले अगदी सूक्ष्म कण रक्तातही उतरतात. म्हणून त्यांचा त्रास खोकल्यावर थांबत नाही. हृदयविकार, पक्षाघात, फुप्फुसाचा कर्करोग इथवर जातो. अमेरिकेतील सहा शहरांत आठ हजारांवर माणसांची वर्षानुवर्षे पाहणी झाली. १९९३ साली निष्कर्ष आला, की सर्वांत स्वच्छ शहरापेक्षा सर्वांत प्रदूषित शहरात मृत्यूचे प्रमाण २६ टक्क्यांनी अधिक होते.

पण कण मोजायला यंत्र हवे, आणि आशिया-आफ्रिकेच्या मोठ्या भागात ते नव्हतेच. यंत्र नाही, म्हणजे कागदोपत्री प्रदूषणही नाही!

कॅनडातील डलहौसी विद्यापीठाचे आरन व्हॅन डॉन्कलार, रँडल मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ही उणीव उपग्रहाच्या साहाय्याने बरीचशी भरून काढली. 'नासा'च्या 'टेरा' उपग्रहाने २००१ ते २००६ या काळात केलेल्या नोंदींवरून त्यांनी जगाचा नकाशा तयार केला. यात एक मोठी अडचण होती. विहिरीच्या काठावरून पाणी गढूळ दिसते, पण गाळ वर तरंगतो आहे की तळाशी आहे, हे कळत नाही. उपग्रहाचेही तसेच. उंचावरून वाहणारी वाळवंटातली धूळ आणि गल्लीतला धूर त्याला एकत्रच दिसतो. मग वारा, पाऊस, धूर कुठून किती निघतो याचे गणित संगणकावर मांडायचे, नाकाजवळच्या हवेचा आकडा काढायचा आणि जिथे यंत्रे आहेत तिथे तो ताडून पाहायचा.

नकाशात सहारापासून गंगेच्या खोऱ्यातून पूर्व चीनपर्यंत एक ठळक पट्टा उमटला. सहारात ती मुख्यतः वाळूची धूळ. पुढे कोळसा, वाहने, चुली. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा तेव्हा वर्षाच्या सरासरीने घनमीटरला १० मायक्रोग्रॅम होती. जगातील ८० टक्के लोक तिच्यापेक्षा वाईट हवेत राहत होते. २०२१ मध्ये संघटनेने ती ५ वर आणली. भारताने २००९ मध्ये ठरवलेली मर्यादा ४० आहे. हे दोन आकडे शेजारी पाहिले तेव्हा मला छपाईची चूक वाटली होती.

या नकाशाला ढगांआडचे दिसत नाही. त्यातला एक चौकोन सुमारे १० किलोमीटरचा, त्यामुळे घराच्या आतले तर नाहीच दिसत. चुलीच्या धुराचा हिशेब, किती घरांत कोणते इंधन जळते यावरून वेगळा मांडावा लागतो. माझी आजी ओल्या लाकडांना फुंकणीने फुंकर घाली, तेव्हा तिचे तोंड चुलीपासून जेमतेम हातभर अंतरावर असे. तिच्या खोकल्याला आम्ही थंडीचा खोकला म्हणत असू, अगदी वैशाखातही.