उंबरठा (चित्रपट)

उंबरठा हा जब्बार पटेल दिग्दर्शित, इ.स. १९८२ मध्ये प्रदर्शित झालेला मराठी चित्रपट आहे. शांता निसळ यांच्या 'बेघर' या कादंबरीवर आधारित या चित्रपटाची पटकथा विजय तेंडुलकर यांची असून संगीत हृदयनाथ मंगेशकर यांचे आहे. प्रमुख भूमिका स्मिता पाटील व गिरीश कर्नाड यांच्या आहेत. स्मिता पाटील यांचे घराणे खानदेशातील शिरपूरचे (धुळे जिल्हा) होय.

कथानक

सुलभा महाजन ही यशस्वी वकील सुभाष यांची पत्नी. सुखवस्तू एकत्र कुटुंबात राहूनही आपल्या शिक्षणाचा उपयोग व्हावा, ही तिची इच्छा असते. लहान मुलीला घरी ठेवून ती संगमवाडीच्या महिलाश्रमाची अधीक्षिका होते. तेथील गैरव्यवहारांशी झगडून अखेर ती राजीनामा देते. परतल्यावर पतीचे अन्य स्त्रीशी संबंध असल्याचे तिला समजते. ते मान्य करून राहण्याऐवजी ती घर सोडते.

आशय

सुभाष पत्नीचा छळ करणारा पती नाही. तिने स्वतःचे काम निवडल्यावर मात्र संसारातील दुरावा उघड होतो. निराधार स्त्रियांचा आश्रम व प्रतिष्ठित घर, दोन्हीकडे स्त्रीला आश्रय मिळतो तो निमूटपणे राहण्याच्या अटीवर, हे चित्रपट दाखवतो.

पुरस्कार

२९व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत 'उंबरठा' सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. त्याची हिंदी आवृत्ती 'सुबह' या नावाने निघाली.