उमराहची तयारी आणि राहिलेली एक सुई

अम्मींच्या उमराहची तयारी झाली होती. औषधे, दुआंची किताब, चपला, सगळे बॅगेत गेले होते. मेनिंजायटिसच्या लशीबद्दल आम्ही विचारले, तर एजंट म्हणाले, "हज थोडीच आहे? पंधरा दिवसांचा तर मामला!" आम्हीही मान डोलावली. मग वर्गातली एक मुलगी आठवली. लहानपणी तिला हाच आजार झाला. जीव वाचला, पण कान गेले. पहिल्या बाकावर बसून ती आमचे ओठ वाचते.

मेंदूवरच्या आवरणाला सूज येणे म्हणजे मेनिंजायटिस. त्याचे मेनिंगोकोकस हे जंतू खोकल्यातून, शिंकेतून, जवळच्या सहवासातून पसरतात. तवाफची गर्दी आणि एका खोलीत चार-पाच जण, हे त्यांच्या सोयीचेच. 1987 च्या हजनंतर 'ए' गटाची साथ आली आणि सौदी सरकारने लस सक्तीची केली. साथ थांबली असे वाटत असतानाच 2000 मध्ये तो परतला, या वेळी 'डब्ल्यू' गटाचे रूप घेऊन. जुनी लस त्यावर चालत नव्हती. तेव्हापासून ए, सी, डब्ल्यू, वाय या चारही गटांची लस लागते. 2024 मध्ये उमराहहून अमेरिका, ब्रिटन, फ्रान्सला परतलेल्यांत पुन्हा रुग्ण सापडले. त्यातल्या बहुतेकांनी लस घेतलेली नव्हती.

काहींना हा आजार आयुष्यात दुसऱ्यांदाही होतो. डोक्याला मार लागून कवटीला चीर राहिली असेल, पाणथरी काढलेली असेल, कानात कॉक्लिअर यंत्र बसवले असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी. साधी लस 3 वर्षे, कॉन्जुगेट लस 5 वर्षे ग्राह्य धरतात. कार्ड जपून ठेवावे. तान्ह्या बाळांचा पेंटाव्हॅलंट आणि न्यूमोकोकलचा डोस सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो. तोही चुकवू नये, कारण हिब आणि न्यूमोकोकस हे जंतूही हाच आजार देतात.

जोराचा ताप, असह्य डोकेदुखी, मान ताठ होणे, उलटी, उजेड न सोसणे, अंगावर जांभळे डाग, यांतले काही दिसले तर दम-दुआ जरूर करावी, पण रिक्षात बसून इस्पितळाच्या वाटेवर. इथे तासांचा हिशेब असतो. मेनिंगोकोकसचा रुग्ण असेल तर घरातल्या माणसांनाही डॉक्टर प्रतिबंधक गोळ्या देतात.

अम्मींच्या प्रवासाला आठच दिवस उरले होते. आम्ही सुई टोचून घेतली आणि तिकीट आठवडाभर पुढे ढकलले. थोडे पैसे गेले. अम्मी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "आधी उंट बांधायचा, मग तवक्कुल. तुम्हीच शाळेत शिकवता ना?"

अल्हम्दुलिल्लाह, त्या सुखरूप परतल्या. आता मोहल्ल्यात कुणी उमराहला निघाले की अम्मीच पहिला सवाल करतात, "सुई घेतली का?"