घातपात, हवामान आणि बिचारा गिअरबॉक्स

१५ जून २०२५ च्या पहाटे केदारनाथहून निघालेलं हेलिकॉप्टर कोसळलं, सात जण गेले. दुपारपर्यंत वाहिन्यांनी 'खराब हवामान' असा शिक्का मारला, दोन दिवस उड्डाणं बंद राहिली आणि विषय संपला. हवामान नाहीतर 'तांत्रिक बिघाड', या दोन शिक्क्यांवर आमच्या धंद्यानं पंचवीस वर्षं निभावून नेली आहेत.

या शतकाच्या सुरुवातीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. २००२ मध्ये लोकसभाध्यक्ष बालयोगी हेलिकॉप्टर अपघातात गेले, २००५ मध्ये हरियाणाचे मंत्री ओ. पी. जिंदाल आणि सुरेंदर सिंग. प्रत्येक वेळी श्रद्धांजलीचा अग्रलेख, बस्स.

२ सप्टेंबर २००९ ची गोष्ट वेगळी. आंध्रचे मुख्यमंत्री राजशेखर रेड्डींचं बेल ४३० हेलिकॉप्टर नल्लमलाच्या जंगलावर बेपत्ता झालं, अवशेष दुसऱ्या दिवशी सापडले. चौकशीत जे निघालं ते एखाद्या पाठ्यपुस्तकात घालावं असं आहे. गिअरबॉक्सच्या तेलाच्या दाबात काहीतरी बिनसल्याचं दिसलं, वैमानिक त्या भानगडीत गुंतले आणि तेवढ्यात हेलिकॉप्टर पावसाळी ढगांत शिरलं. तिथल्या खाली दाबणाऱ्या झोतानं ते डोंगरावर आदळलं. दोष यंत्राचा की हवेचा, हा प्रश्नच इथे फिजूल. एकानं लक्ष वेधलं, दुसऱ्यानं डाव साधला. हे सगळं मी रात्रपाळीत बसून लिहून दिलं होतं. आतल्या पानावर चार ओळी छापल्या. घातपाताच्या अफवेला मात्र जागा कधी कमी पडली नाही. जानेवारी २०१० मध्ये वाहिन्यांवर आलेल्या त्याच अफवेवरून आंध्रात दुकानं फोडली गेली. त्याबद्दल कुणा वाहिनीच्या सूत्रधाराची झोप उडाल्याचं ऐकलं नाही.

मग २०११. ३० एप्रिलला अरुणाचलचे मुख्यमंत्री दोरजी खांडू तवांगहून हेलिकॉप्टरनं निघाले, त्याचे अवशेष ४ मे रोजी सापडले. मधल्या काळात, २ मे रोजी, अबोटाबादेत लादेनच्या आवारात अमेरिकेचं अद्ययावत हेलिकॉप्टर आपटलं. तिथे गोळी लागली नव्हती की नटबोल्ट निखळला नव्हता. उकाड्यानं हवा विरळ, त्यात चहूबाजूंनी उंच भिंती. पंख्यानं खाली ढकललेल्या हवेला बाहेर पडायला वाट नाही. ती भिंतीवरून वर येऊन पुन्हा पंख्यात. अशा भोवऱ्यात इंजिनाचा जोर वाढवला तरी हेलिकॉप्टर खालीच बसतं. सरावाच्या वेळी भिंतींच्या जागी जाळीचं कुंपण होतं, त्यामुळे हा भोवरा दिसलाच नाही. त्या आठवड्यात लादेनवर पानंच्या पानं छापली आम्ही. भोवऱ्यावर ओळ नाही!

२०१७ च्या मे महिन्यात निलंग्याला देवेंद्र फडणवीसांचं हेलिकॉप्टर उड्डाण करता करता तारांत अडकून पडलं. सगळे वाचले, आणि मराठी पत्रकारिता 'योग बलवत्तर' म्हणून मोकळी झाली. जमिनीलगत पंख्याखाली हवेची गादी असते, ती सुटली की उन्हाळ्यातल्या विरळ हवेत तेवढंच वजन तोलणं अवघड होतं, एवढं तरी सांगता आलं असतं.

जानेवारी २०२५ मध्ये पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव पडलं, तिघे गेले. तपासात बोट रोखलं गेलं स्वॅशप्लेटवर. वैमानिकाच्या हाताची हालचाल फिरत्या पात्यांपर्यंत पोहोचवणारा हा भाग. तो तुटला की हातात नुसता दांडा उरतो. लष्कराची ध्रुव हेलिकॉप्टर्स काही महिने जमिनीवर खिळली. त्यावर कुणी मराठीत पानभर लिहिलं असेल तर मला दाखवा.