भातावर कुरकुरीत कोंबडी, जपानी पद्धतीची

जपानमध्ये खोलगट वाडग्याला ‘दोनबुरी’ म्हणतात. त्यात गरम भात, वर कोंबडीचा कुरकुरीत ‘कात्सु’ आणि अंडं, म्हणजे चिकन कात्सुदोन. ‘कात्सु’ हा शब्द मूळचा आपल्याही ओळखीचा, कटलेटवरून आलेला.

भात चिकटसर हवा, इंद्रायणीचा चालेल.

कोंबडीच्या छातीचा बिनहाडाचा तुकडा लाटण्याने ठोकून सगळीकडे सारखा, साधारण एक सेंटिमीटर जाड करा. आमच्या गटात पहिल्यांदा केला तेव्हा आम्ही हेच टाळलं. वरून छान लाल झाला, आत कच्चा! तुकडा कोरडा पुसा, मीठ-मिरपूड लावा. मग मैदा, फेटलेलं अंडं आणि ब्रेडचा चुरा, याच क्रमाने. जपानी चुरा ‘पान्को’ महाग पडतो. शिळ्या ब्रेडच्या कडा काढून जाडसर चुरा घरीच करा.

चुऱ्याचा कण तेलात थोडा बुडून लगेच वर आला की तुकडा सोडा. मध्यम आचेवर 4-5 मिनिटं तळा. कागदावर नको, जाळीवर निथळा; खाली वाफ कोंडली की तो मऊ पडतो. मधोमध कापून बघा, गुलाबी दिसला तर परत तेलात. कच्च्या कोंबडीची सुरी मात्र इथे वापरायची नाही.

कांदा पाणी, सोया सॉस आणि साखरेत शिजवून त्यावर अंडं ओता. जपानमध्ये ते अर्धवट घट्ट ठेवतात; घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर पूर्ण शिजू द्या. तिकडे कात्सुही याच रसात टाकतात, पण मग तो भिजतो. कुरकुरीत हवा तर आधी भातावर अंडं, मग कात्सु, आणि लगेच वाढा.