मदतीचा चेक कुठून येतो?

मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात मेडिकल सोशल वर्कर म्हणून मी नोकरी केली. ‘डॉक्टरांनी अडीच लाखांचं एस्टिमेट दिलंय, मॅडम, आता काय करायचं?’ असं विचारत माणसं आमच्या टेबलापाशी यायची. पुष्कळदा मंगळसूत्र आधीच मोडून झालेलं असायचं. मग आम्ही अर्ज लिहायला घ्यायचो, आणि त्यातले बरेचसे एखाद्या घराण्याने काढलेल्या धर्मादाय न्यासाकडे जायचे.

न्यास म्हणजे घरातलं धन कायमचं बाजूला काढणं. मुद्दल जपायचं, उत्पन्नातून मदत करायची. त्यावर मुलानातवंडांचा हक्क उरत नाही. विश्वस्तांनाही ते ठरलेल्या कामासाठीच वापरता येतं.

सर दोराबजी टाटांचा न्यास मला फार जवळचा. पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. मूलबाळ नव्हतं. पुढच्याच वर्षी, मृत्यूच्या थोडे महिने आधी, दोराबजींनी आपली जवळजवळ सगळी संपत्ती न्यासाला दिली, आणि या आजारावरच्या संशोधनासाठी मेहेरबाईंच्या नावे वेगळा न्यास काढला. मेहेरबाईंचा २४५ कॅरटचा ज्युबिली हिरा १९२४ साली टाटांचा पोलाद कारखाना अडचणीत आला तेव्हा गहाण पडला होता. तोही पुढे विकला गेला आणि पैसे दोराबजींच्या न्यासात आले. याच न्यासाने १९३६ साली नागपाड्यात समाजकार्याचं शिक्षण सुरू केलं, तीच आजची टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस. १९४१ साली परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलं. आमचा पेशा या देशात रुजला तो त्या नागपाड्याच्या शाळेमुळे, याचा मला अभिमान आहे.

आता अर्जाच्या फाइलीचं. एका रिक्षावाल्याच्या मुलीच्या हृदयाची शस्त्रक्रिया होती. केशरी रेशन कार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, डॉक्टरांच्या सही-शिक्क्याचं एस्टिमेट, अशा झेरॉक्सचे पाच संच आम्ही केले, कारण एकच न्यास सगळी रक्कम क्वचितच देतो. कुणी वीस हजार दिले, कुणी चाळीस. चेक आले ते रुग्णालयाच्या नावाने, सोबतच्या पत्रात मुलीचं नाव आणि केस पेपरचा नंबर. एका देणगीदाराला चेक देतानाचा मुलीसोबतचा फोटो हवा होता. आम्ही नाही म्हटलं. आजारी पोराला कॅमेऱ्यासमोर हात पसरायला लावणं मला कधीच मान्य झालं नाही.

बहुतेक न्यास भरून झालेल्या बिलाचे पैसे देत नाहीत. म्हणून दागिना मोडण्याआधी, सावकाराकडे जाण्याआधी सोशल वर्करला भेटा. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. रुग्णालय धर्मादाय आहे का, हे भरती होतानाच विचारा, आणि रेशन कार्ड बरोबर न्या.